तळ्याचा कारभार चिठ्ठीवर

चोळांचं नाव निघालं की तंजावरचं मंदिर आठवतं. पण भातशेतीचा कारभार समजून घ्यायचा तर कांचीपुरमजवळचं उत्तरमेरूर गाठावं. इथे कावेरीचे कालवे पोचत नाहीत. पावसाचं पाणी बांध घालून तळ्यात अडवायचं, मगच भात.

चोळ राजा पहिल्या परांतकाच्या काळातले, इ.स. 919 आणि 921 चे शिलालेख इथल्या मंदिराच्या भिंतीवर आहेत. तळ्यासाठी गावच्या सभेची सहा जणांची स्वतंत्र समिती होती, ‘एरि-वारियम’. सदस्य निवडताना नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून लहान मुलाकडून उचलून घेत. मुदत 360 दिवस. आधी काम पाहून हिशेब न देणारा नातेवाइकांसकट बाद! वय 35 ते 70, स्वतःची करपात्र जमीन आणि वेदाध्ययन या अटी. म्हणजे ब्राह्मण जमीनदारांचीच ही सभा. चिखलात रोप लावणाऱ्यांना तिथे जागा नव्हती. ‘प्राचीन लोकशाही’चे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

समितीचं खरं दुखणं गाळ. तो उपसला नाही तर तळं उथळ होई आणि टोकाची शेतं कोरडी राहत. त्यामुळे तळ्यांच्या देखभालीसाठी जमीन किंवा सोनं दान दिल्याच्या नोंदी तमिळ शिलालेखांत वारंवार सापडतात.