ढिगाऱ्याचा हिशेब

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, अ‍ॅड्रिॲटिक समुद्राकडे पाहणाऱ्या कड्यावर ओर्तोना हे गाव वसलेलं आहे. डिसेंबर १९४३मध्ये, २० ते २८ तारखेच्या दरम्यान, इथे घराघरांतून लढाई झाली. पहिल्या कॅनडियन डिव्हिजनमधल्या लॉयल एडमंटन रेजिमेंट आणि सीफोर्थ हायलँडर्स या पलटणी गावात शिरल्या, तेव्हा जर्मन पॅराट्रूपर्सनी गावाची मांडणी आधीच बदलून टाकली होती. आडव्या गल्ल्यांच्या तोंडावरची घरं त्यांनी सुरुंगाने उडवली आणि ढिगाऱ्यांनी गल्ल्या बुजवल्या. मुख्य रस्ता, कोर्सो व्हित्तोरियो इमॅन्युएल, तेवढा मोकळा ठेवला. रणगाड्यांनी त्याच रस्त्याने यावं आणि नेम धरून बसलेल्या तोफांपुढे सापडावं, असा त्यामागचा बेत होता.

लढाईचा डायोरामा, म्हणजे लहान प्रमाणात घडवलेला त्रिमितीय देखावा, करणाऱ्याने ओर्तोनाचा अभ्यास जरूर करावा असं मला वाटतं, ते यासाठी. इथला प्रत्येक ढिगारा कुणीतरी विचार करून पाडलेला आहे. तो कुठून आला, कुठल्या बाजूला कोसळला आणि कुणाला अडवण्यासाठी, हे सांगता येतं. बहुतेक डायोरामांमध्ये मात्र पडकी भिंत केवळ रणगाड्यामागचा पडदा म्हणून उभी असते. रणगाड्याच्या साखळीतली कडी न् कडी मोजून लावणारा माणूस भिंतीपाशी आला की चार विटा विखुरतो आणि थांबतो. ज्या घरात माणसं राहत होती त्या घराला रणगाड्याइतकाच अभ्यास मिळाला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

या छंदात सर्वाधिक चालणारं प्रमाण एकास पस्तीस. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरवला, तो एकास पस्तीसच्या आसपास निघाला आणि पुढे जगभर रुळला. या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो. ओर्तोनात कॅनडियनांकडे असलेला शर्मन रणगाडा साधारण सतरा सेंटिमीटर भरतो. रणगाडा आणि सैनिक डब्यात तयार सुट्या भागांत मिळतात. घर मात्र स्वतः घडवावं लागतं. प्लास्टर, फोम, पुठ्ठा, लाकूड यांतून शून्यापासून उभ्या केलेल्या अशा कामाला छंदातली मंडळी ‘स्क्रॅच बिल्ट’ म्हणतात.

अशा कामात अभ्यास किती खोल जाऊ शकतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण वॉटर्लूचं आहे. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे १८३०मध्ये त्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम आलं. त्याने रणभूमीवरच्या ला हाय सांत या शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकून मोजणी केली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, की संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, आणि तुमच्या पुढ्यात शेतात कोणतं पीक उभं होतं? लढाईला पंधरा वर्षं उलटून गेल्यावर एक माणूस पिकाची चौकशी करतो, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. उभ्या पिकातून माणूस दिसतो की नाही, घोडा कसा चालतो, यावर लढाई ठरते, हे त्याला कळलं होतं. सुमारे ७५ हजार धातूच्या इवल्या बाहुल्यांची ती प्रतिकृती १८३८मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडली गेली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आता ओर्तोनातल्या एका घराकडे वळू. समजा, सहा मीटर बाय आठ मीटरचं दुमजली घर आहे. भिंती अर्धा मीटर जाड, उंची सहा मीटर. चारही भिंतींचं मिळून बांधकाम साधारण ७८ घनमीटर होतं. दारं-खिडक्यांची थोडी वजावट करा, पण आतल्या भिंती, जमिनी आणि कौलं त्यात मिळवा. आकडा फारसा हलत नाही. कोसळलेलं बांधकाम मोकळं होऊन फुगतं. ते दीडपट धरलं तर ढिगारा ११७ घनमीटरांचा झाला. तो सगळा घराच्या जोत्यातच राहिला असता तर जवळजवळ अडीच मीटर उंच साचला असता. डायोरामात ही उंची सात सेंटिमीटर येते, म्हणजे उभ्या सैनिकाच्या डोक्यावरून वर. सगळं घर पडत नाही, पडलेलं थोडं रस्त्यावरही सांडतं, म्हणून आत त्याहून कमी राहील. पण अर्धं घर गायब आणि जमिनीवर दोन मुठी चुरा, हे शक्यच नाही. भिंतीत जिथे भगदाड आहे तिथल्या विटा कुठेतरी दिसल्याच पाहिजेत. मी कुठलंही प्रदर्शन पाहायला गेलो की आधी हा हिशेब मांडतो. तो जुळला तर पुढचं सगळं पटत जातं.

म्हणून घर आधी कागदावर पूर्ण बांधावं. दार कुठे, जिना कुठे, तुळया कुठल्या भिंतीवर टेकल्या आहेत, चूल कुठे होती. मग स्फोट कुठे झाला ते ठरवावं, आणि त्यानंतरच हात चालवावा.

भिंतींसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस अजूनही उत्तम. सपाट काचेवर चौदा मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांची चौकट करून त्यात ओतलं की अर्ध्या मीटरची भिंत मिळते. प्लास्टर ओलसर असतानाच सुईने दगडांचे किंवा विटांचे सांधे कोरायचे. पंचवीस सेंटिमीटरची वीट इथे सात मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड होते. मोडताना करवत लावू नये. खरी विटांची भिंत फाटते ती बहुधा चुन्याच्या सांध्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी. प्लास्टर मात्र वाटेल तिथे तुटतं. त्यामुळे मागच्या बाजूने सांध्यांची तशीच वाट खोल कोरून घ्यावी आणि मग हाताने मोडावं. मोडलेले तुकडे जपून ठेवायचे, कारण ढिगारा त्यांचाच करायचा आहे. मोठे तुकडे, सुट्या विटा, खडी, चाळणीतून गाळलेली भुकटी, हे सगळं एकाच भिंतीतून निघालं की रंग आणि पोत आपोआप जुळतो. तुळयांना बाल्सा लाकूड वापरलं तर ते पावासारखं तुटतं. आइस्क्रीमच्या काड्यांचे धागे लांब निघतात आणि मोडलेली तुळई खरी वाटते. छपरावर आपल्या कोकणातल्या नळीच्या कौलांच्या जातीची अर्धगोल कौलं होती. पातळ पत्र्याच्या पट्ट्या बारीक सळईवर वळवून ती करता येतात. सगळं रचून झाल्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो थेंब थेंब न साचता ढिगाऱ्यात खोलवर झिरपतो.

ओर्तोनात रस्त्यावरून चालणं म्हणजे मरण होतं, म्हणून कॅनडियन सैनिकांनी घरांच्या आतून वाट काढली. वरच्या मजल्यावर, शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीला स्फोटकं लावायची, स्फोट होईपर्यंत खाली थांबायचं, मग धूर विरण्याआधी भगदाडातून पलीकडे घुसायचं आणि हातबॉम्ब टाकत वरून खाली मजले मोकळे करत यायचं. इंग्रजीत याला ‘माउस होलिंग’ असं नाव पडलं. सहा पौंडी रणगाडाविरोधी तोफांनी जाड भिंतींना आधी छिद्र पाडून मागोमाग त्यातून स्फोटक गोळा आत सोडण्याची युक्तीही वापरली गेली. डायोरामासाठी माउस होलिंग ही मोठी सोय आहे. दोन घरं उभी चिरून आतून दाखवली की लढाई कळते. पण पलीकडच्या खोलीत उडालेला चुरा अलीकडच्यापेक्षा जास्त हवा, कारण स्फोटकं अलीकडून लावलेली होती. भगदाड माणूस वाकून जेमतेम जाईल एवढंच असावं, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरचं. दोन्ही खोल्यांच्या भिंतींचे रंग वेगळे ठेवावेत, कारण ती दोन कुटुंबांची घरं होती.

रंगकामात ऋतू विसरला जातो. त्या डिसेंबरात पाऊस आणि चिखलाने दोन्ही सैन्यांना हैराण केलं होतं. त्यामुळे उघड्यावरचा ढिगारा गडद, ओला, खाचांत पाणी साचलेला दिसेल. ज्या खोलीवर छप्पर टिकलं आहे, तिथे मात्र चुन्याची कोरडी, पांढुरकी धूळ सगळ्यावर बसलेली असेल, माणसांच्या खांद्यांवर आणि पापण्यांवरसुद्धा. हा एक फरक नीट दाखवला तर उरलेलं काम अर्ध्यावर येतं.

आणि माणसं. या लढाईच्या काळात ओर्तोनाचे तेराशेहून अधिक नागरिक मेले. कितीतरी कुटुंबं तळघरांत लपली होती. डायोरामात फक्त सैनिक दिसतात, हे मला खटकतं. नागरिकांच्या बाहुल्या नसल्या तरी पलंगाची लोखंडी चौकट, शिवणयंत्र, भिंतीवरचा खिळा एवढं तरी हवं. गावातलं सान तोमासोचं कॅथेड्रलही उद्ध्वस्त झालं. अर्धा घुमट उभा आणि अर्धा नाहीसा, अशी त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत. संत थॉमसच्या अस्थी म्हणून जपलेले अवशेष तिथे १२५८पासून आहेत. भारतात येऊन मैलापूरला ज्यांना मरण आलं अशी श्रद्धा आहे, तेच हे संत.

भारताचा दुसरा धागा सैनिकांचा. कॅनडियनांच्या डाव्या हाताला आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांना पुढे एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एकट्याने मशीनगनचं ठाणं जिंकून, धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सान्ग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं दहनस्मारक आहे.

या आघाडीचे मराठी हातांनी घडवलेले डायोरामे माझ्या तरी पाहण्यात आलेले नाहीत. विषयांची कमतरता नाही. ओर्तोनाच्या अलीकडे मोरो नदीवर भारतीय सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, डिसेंबर १९४३मध्ये सुट्या लोखंडी भागांचा बेली पूल उलट्या बाजूने, म्हणजे शत्रूच्या काठावरून अलीकडे बांधत आणला, कारण आपल्या काठावर पूल जुळवायला जागाच नव्हती. त्याचं नावच ‘इम्पॉसिबल ब्रिज’ पडलं. भोवती ऑलिव्हची हिरवी झाडं, डिसेंबरात पानं झडलेले द्राक्षांचे वेल, चिखलाचा उतार आणि तोफांनी फोडलेलं एखादं शेतघर. पुलाचे लोखंडी तुकडे एकसारखे असल्याने एकदा साचा केला की भराभर ओतता येतात. वेळ लागेल तो शेतघराला, आणि सुरुवात तिथूनच करावी.