पाना हाती घेण्यापूर्वी

रविवारची सकाळ ही आपल्या मध्यमवर्गीय वसाहतींतून वाहनांच्या कसोटीची वेळ असते. आठवडाभर मुकाट्याने कचेरी गाठून देणारी दुचाकी किंवा हप्त्यांवर घेतलेली मोटार अंगणात उभी राहते, घरमालक बाह्या सारून पाने-पकडी मांडतो आणि मिस्त्रीचे पैसे वाचविण्याचा संकल्प सोडतो. सायंकाळी त्याच मिस्त्रीला बोलावणे जाते. सकाळी दोष एक होता, आता दोन झालेले असतात. आणि सारी जोडणी पूर्ण होऊनही उरलेला एखादा नट कागदावर निर्विकारपणे पडून असतो.

या प्रसंगावर विनोद पुष्कळ झाले. त्यामागचा प्रश्न मात्र विनोदावारी नेण्यासारखा नाही. पदार्थविज्ञानाचे नियम परीक्षेत बिनचूक लिहिलेला माणूस यंत्रापुढे इतका असहाय का व्हावा?

साधे स्पार्क प्लगचेच उदाहरण घ्या. प्लगचे आटे पोलादाचे असतात. तो ज्यात बसतो ते इंजिनाचे डोके बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ धातूचे. प्लग किंचित तिरका बसला आणि वरून पान्याचा जोर लागला, की पोलाद ॲल्युमिनियमचे आटे कापून काढते आणि क्षुल्लक वाटणारे काम मोठ्या खर्चाचे होऊन बसते. जाणता कारागीर प्लग प्रथम नुसत्या बोटांनी फिरवितो. तो अडखळला तर जोर न लावता काढून घेतो व पुन्हा बसवितो. पाना येतो तो शेवटच्या आवळणीपुरता. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ, हे नवशिक्याला ठाऊक नसते असे नाही. परंतु ते ज्ञान त्याच्या बोटांपर्यंत उतरलेले नसते.

आटे गेले तर पैशावर निभावते. काही चुका जिवावर बेततात. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. टोपण काढताच दाब सुटतो आणि उकळत्या पाण्याचा व वाफेचा लोट तोंडावर येतो. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली शिरणे म्हणजे एका निसटत्या टेकूवर प्राण ठेवणे होय. चाकांना अडण आणि खाली भक्कम घोडे दिल्यावाचून कोणीही तसे करू नये. ब्रेकच्या भांड्यात तेलच ना, म्हणून इंजिनाचे तेल ओतले, तर त्यातील रबरी भाग फुगतात आणि ऐन वेळी ब्रेक दगा देतो.

ब्रेकची गोष्ट तर आपल्या शिक्षणपद्धतीवरचे भाष्यच आहे. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपला विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितो. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हेही तो लिहितो. परंतु ब्रेकच्या नळीत हवा शिरली म्हणून पायाखालचा पेडल मऊ लागतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट गॅरेजमधील पोरगा पायाच्या एका दाबाने हवेचा दोष ओळखतो, पण पास्कलचे नाव त्याने ऐकलेले नसते. एकाजवळ कारण आहे, दुसऱ्याजवळ हात आहे; आणि या दोघांची गाठ पडू नये अशीच जणू आपण व्यवस्था केली आहे.

ही दरी बुजविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील शिक्षक. १८८८ मध्ये बेळगावात सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानातून त्यांचा उद्योग उभा राहिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापून, प्रत्यक्ष काम करता करता शिकण्याचा मार्ग ग्रामीण मुलांना खुला केला. या प्रयत्नांना आपण आदराने नमस्कार केला आणि आपल्या मुलांना मात्र त्या वाटेपासून दूर ठेवले. औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे गुण कमी पडलेल्यांची जागा, ही समजूत सुशिक्षित घरांतून अद्यापि हटलेली नाही.

आता काळ बदलला, असा एक आक्षेप येईल. कार्ब्युरेटर गेला, इंधनाचे माप संगणक ठरवू लागला, विजेवरच्या मोटारी आल्या. मग घरच्या घरी शिकण्यासारखे उरले काय? आक्षेपात तथ्य आहे. विजेच्या मोटारीतील नारिंगी आवरणाच्या तारांमधून प्राणघातक दाबाची वीज वाहते. तेथे हौशी माणसाने हातच लावू नये. पण कोठे थांबावे हे कळणे हाही कौशल्याचाच भाग आहे, आणि यंत्राशी मुळीच परिचय नसलेल्यास ती सीमा दिसत नाही. शिवाय चाक बदलणे, टायरमधील हवा पाहणे, बॅटरीची जोडणी स्वच्छ ठेवणे ही कामे संगणकाने रद्द केलेली नाहीत.

त्याहून महत्त्वाची आहे ती या कामातून अंगी बाणणारी शिस्त. सुटे भाग काढले त्या क्रमाने मांडून ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर दोष कशाने गेला हे कधीच समजत नाही. पाना नटावर नीट बसल्याखेरीज जोर लावू नये. घट्ट बसलेल्या भागावर हातोडी उगारण्यापूर्वी तो का अडला याचा विचार करावा. हे नियम गॅरेजचे खरे, पण कचेरीतील टिपणालाही ते लागू पडतात.

म्हणून शिक्षकांनी पास्कलचा नियम फळ्यावर मांडून झाल्यावर मुलांना एकदा ब्रेकशेजारी उभे करावे. नोकरदारांनी मिस्त्रीशी केवळ मजुरीची घासाघीस न करता, त्याचा मोबदला देऊन तासभर त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे. उमेदवारीला वयाची अट नसते. विद्यार्थ्यांनी आरंभ सायकलपासून करावा. चाक काढणे, पंक्चर जोडणे, साखळी बसविणे, इतके प्रथम पुरे. तेथे चूक झाली तर थोड्या पैशात सुधारते, आणि आटा बरोबर बसल्याची खूण बोटांना कायमची कळून जाते.