प्रत्युत्तराचं बटण नसलेली चर्चा

17 मार्च 2014. तैवानच्या संसदेतल्या एका समितीची बैठक गोंधळात बुडालेली होती. त्या गोंधळातच सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाचे चांग चिंग-चुंग यांनी जाहीर करून टाकलं, की चीनबरोबरच्या सेवाव्यापार कराराची छाननी पूर्ण झाली असं मानण्यात येत आहे. या घोषणेला लागलेला वेळ सुमारे तीस सेकंद. कलमवार चर्चा करण्याचं आश्वासन आधी दिलेलं होतं, ते त्या अर्ध्या मिनिटात निकालात निघालं. दुसऱ्या दिवशी रात्री विद्यार्थी तैपेईच्या संसदभवनात घुसले आणि सभागृह ताब्यात घेऊन 10 एप्रिलपर्यंत तिथेच राहिले. एका फुलविक्रेत्याने त्यांना सूर्यफुलं पाठवली, म्हणून ते ‘सूर्यफूल आंदोलन’ झालं.

त्या दिवसांत सभागृहात इंटरनेटच्या तारा ओढून आतलं सगळं बाहेर थेट दाखवण्याचं काम ‘गव्ह-झीरो’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने केलं. 2012 साली जमलेल्या या संगणकतज्ज्ञांची युक्ती मोठी गमतीची होती. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या ‘गव्ह’मधलं ओ हे अक्षर काढून तिथे शून्य टाइप करायचं, की त्याच खात्याचं लोकांनी तयार केलेलं, सहज समजणारं पान उघडे. त्यांचं पहिलं काम होतं देशाचा अर्थसंकल्प चित्रांतून मांडण्याचं. ऑड्री टँग याच वर्तुळातल्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या या प्रोग्रॅमर 2016 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, थेट मंत्रिमंडळात गेल्या.

पण त्याआधी सरकारच गव्ह-झीरोच्या दाराशी आलं. नोव्हेंबर 2014 च्या स्थानिक निवडणुकांत कुओमिंतांगचा दणदणीत पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंत्री जॅक्लिन त्साई गव्ह-झीरोच्या एका हॅकेथॉनला हजर राहिल्या. नव्या कायद्यांवर सगळ्या समाजाला नीट बोलता येईल अशी काही जागा तुम्ही उभी करून द्याल का, अशी विचारणा त्यांनी केली. त्यातून ‘व्हीतैवान’ जन्माला आलं.

आता कोणी म्हणेल, बोलायला जागा हवी तर फेसबुक होतंच की. अडचण तिथेच होती. 2009 हे या माध्यमांच्या इतिहासातलं फार निर्णायक वर्ष मानायला हवं. फेब्रुवारीत फेसबुकवर ‘लाइक’ आलं आणि वर्षाच्या अखेरीस ट्विटरने रीट्वीटचं बटण द्यायला सुरुवात केली. त्याआधी दुसऱ्याचं म्हणणं पुढे पाठवायचं तर ते उचलून, आपल्या चौकटीत चिकटवून, मागेपुढे चार अक्षरं टाइप करावी लागत. एवढ्या खटपटीत माणूस ते वाक्य निदान पुन्हा एकदा वाचत असे. बटणाने ती उसंत काढून घेतली आणि शिवाय दर दाबण्याची नोंद ठेवली. मग ज्याची जास्त नोंद ते वर, जे वर ते आणखी लोकांपुढे. संताप आणि कुचेष्टा यांना या मोजणीत हमखास माप मिळतं. माणसं एकाएकी दुष्ट झाली असं मला वाटत नाही. यंत्र काय मोजतं याला माणसं फार लवकर सरावतात, एवढंच.

म्हणून व्हीतैवानने आपल्या चर्चेसाठी ‘पॉलिस’ नावाची अमेरिकेत, सिॲटलमध्ये तयार झालेली प्रणाली निवडली. कॉलिन मेगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली होती. अरब देशांतले उठाव आणि ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ यांनंतरचे ते दिवस. हजारो माणसं एकदम बोलू लागली तर ती नेमकं काय म्हणताहेत हे कळावं कसं, या प्रश्नातून ती घडली. तिची रीत अगदी साधी आहे. तुमच्यापुढे कुणाचं तरी एक छोटं विधान येतं. त्यावर तुम्ही ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पुढे’ यांपैकी एक निवडायचं. मग दुसरं विधान येतं. वाटलं तर स्वतःचंही विधान घाला, ते इतरांपुढे जाईल. फक्त दुसऱ्याच्या विधानाला उत्तर देण्याची सोय नाही. कुणाला टोमणा मारायचा तर मारणार कुठे? नाही पटलं तर आपलं म्हणणं वेगळ्या, स्वतंत्र वाक्यात मांडावं लागतं आणि त्यावरही सगळे मत देतात.

खरी करामत पडद्यामागे आहे. शाळेच्या हजेरीपटासारखा एक भलामोठा तक्ता कल्पनेत आणा. डावीकडे माणसं, वर विधानं आणि प्रत्येक चौकोनात होकार, नकार किंवा कोरी जागा. संख्याशास्त्रातल्या जुन्या, परिचित पद्धती वापरून पॉलिस या तक्त्याचा नकाशा बनवतं. सारखी मतं देणारी माणसं त्यात जवळजवळ येतात, विरुद्ध मतांची लांब जातात आणि गट आपोआप दिसू लागतात. वय, जात, पक्ष, धर्म यांपैकी काहीही विचारलेलं नसतं.

त्यानंतरची मोजणी मला सगळ्यात नवलाची वाटते. समजा, शंभर लोकांत नव्वदांचा एक गट आहे आणि दहांचा दुसरा. पहिलं विधान मोठ्या गटात 95 टक्क्यांना पटतं, लहान गटात 20 टक्क्यांना. दुसरं विधान दोन्हीकडे 75 टक्क्यांना पटतं. डोकी मोजली तर पहिलं विधान सुमारे 87 विरुद्ध 75 असं सहज जिंकेल. आजचं पॉलिस मात्र गटवार प्रमाणांचा साधारण गुणाकार करतं. पहिल्याचे 0.95 गुणिले 0.20, म्हणजे 0.19. दुसऱ्याचे 0.75 गुणिले 0.75, म्हणजे 0.56. दुसरं विधान वर जातं. बहुमताच्या जोरावर धाकट्या गटाला दाबून टाकणारं वाक्य इथे मागेच राहतं, आणि ज्याला आपलं विधान वर न्यायचं आहे त्याला पलीकडच्यांना पटेल असं लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

2015 च्या उन्हाळ्यात उबरचा प्रश्न या यंत्रावर चढवला गेला. परवाना नसलेल्या चालकांनी खासगी गाड्यांतून प्रवासी न्यावेत का, यावरून टॅक्सीवाले खवळलेले होते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे चित्र वेगळं सांगायला नको. चार आठवडे विधानं येत राहिली. सुरुवातीला चार गट दिसत होते, पुढे दोनच उरले: एक उबरच्या बाजूचा, एक विरोधातला. नेहमीच्या समाजमाध्यमावर गोष्ट इथेच थांबली असती आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चिखल उडवत बसली असती. इथे लोक दोन्ही गटांना पटतील अशी वाक्यं शोधू लागले. प्रवाशांचा विमा हवा, सुरक्षेचे नियम सर्वांना सारखे हवेत, यावर एकमत होत गेलं. सरकारने या निमित्ताने टॅक्सी व्यवसायाला कारभार आणि दर्जा सुधारायला लावावं, या आशयाच्या विधानाला तर दोन्ही गटांतून सुमारे 95 टक्के पाठिंबा मिळाला. मग उबर, टॅक्सी संघटना आणि सरकारी खाती यांची बैठक झाली, तीही थेट प्रक्षेपित. लोकांची सहमती झालेले मुद्दे बैठकीपुढे होते. 2016 मध्ये तैवानने ॲपवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या टॅक्सींना मान्यता दिली.

पुढचा भाग कौतुकाच्या लेखांत बहुधा गाळला जातो. सहमती झाली तरी उबर सरळ झाली नाही. दंडाची रक्कम जबर वाढल्यावर फेब्रुवारी 2017 मध्ये कंपनीने तैवानातली सेवा बंद केली आणि एप्रिलमध्ये भाड्याच्या गाड्यांच्या परवानाधारक कंपन्यांना हाताशी धरून ती परतली. व्हीतैवानचंही तसंच. 2018 पर्यंत 26 विषय तिथे चर्चिले गेले आणि बहुतेकांवर सरकारने काही ना काही पाऊल उचललं. पण निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते. व्हीतैवान उभं करायला हातभार लावणारे आणि पुढे विरोधी बाकांवर आमदार झालेले जेसन शू यांनी तर त्याला दात नसलेल्या वाघाची उपमा दिली. विषयही बहुतेक डिजिटल व्यवहारांचे: उबर, ऑनलाइन दारूविक्री वगैरे. चीनशी संबंध कसे असावेत हा तैवानचा खरा जिव्हाळ्याचा आणि रक्त तापवणारा प्रश्न. ज्या करारावरून हे सगळं सुरू झालं, तोही त्याच प्रश्नाचा भाग होता. अशा प्रश्नावर हा गुणाकार टिकेल असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

तरीही त्यामागचा विचार मोठ्या माध्यमांपर्यंत पोचला आहे. जानेवारी 2021 मध्ये ट्विटरने अमेरिकेत ‘बर्डवॉच’ नावाचा प्रयोग सुरू केला. तोच पुढे ‘कम्युनिटी नोट्स’ झाला. दिशाभूल करणाऱ्या मजकुराखाली सामान्य सदस्य टीप लिहितात, पण नुसती मतं जास्त पडली म्हणून ती सर्वांना दिसत नाही. एरवी ज्यांचं आपसात पटत नाही, अशांना ती उपयुक्त वाटावी लागते. कल्पना उत्तम. व्यवहारात मात्र बहुसंख्य टिपा ही अट ओलांडतच नाहीत, आणि ज्या ओलांडतात त्या दिसेपर्यंत मूळ मजकूर गावभर फिरून आलेला असतो. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ही सोय भारतात आली.

महाराष्ट्रातल्या राजकीय गप्पांचा मोठा हिस्सा मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत चालतो आणि तिथे अशी मोजणी करताच येत नाही. संदेश कुलूपबंद असतात, त्यामुळे कुणाला काय पटलं आणि कोणते गट कुठे जुळले याचा तक्ता मांडणार कोण? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून, जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. देशात अशा घटना लागोपाठ घडल्यावर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अनेकदा फिरून आलेल्या संदेशासाठी एप्रिल 2020 पासून ती एकाच ठिकाणावर आणली गेली. संदेश किती हातांतून गेला याची जुजबी नोंद संदेशाबरोबरच फिरते, म्हणून एवढं तरी जमलं. मजकूर खरा की खोटा, दोन्ही बाजूंना मान्य की एकाच, हे त्या नोंदीत नसतं.