संगजिऱ्याची गोष्ट – भाग ४ : कंपनीने दिलेली ग्वाही

संगजिरे आणि अ‍ॅस्बेस्टॉस खडकांत एकमेकांच्या शेजारी का सापडतात, हे मागच्या भागात पाहिले. दोन्हींत मॅग्नेशियम आणि सिलिका, आणि दोन्ही बऱ्याचदा एकाच प्रकारच्या भूगर्भीय उलथापालथीतून जन्मतात. मग हेच संगजिरे दळून तान्ह्या मुलांच्या अंगाला लावण्यासाठी विकणाऱ्या कंपनीने आपला माल निर्धोक असल्याचे आजवर कसे पटवून दिले? या आठवड्यात तेवढेच बघू.

जॉन्सन अँड जॉन्सनची बेबी पावडर १८९४ पासून बाजारात होती. वाद सुरू झाल्यापासून कंपनीचे म्हणणे दोन कलमी आहे: आमच्या पावडरीत अ‍ॅस्बेस्टॉस नाही, आणि आमच्या पावडरीने कर्करोग होत नाही. ही दोन विधाने वेगवेगळी तपासली पाहिजेत. चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते आणि तिचा फायदा कंपनीलाच मिळतो, असे मला वाटते.

पहिले विधान सगळे चाचणीवर उभे आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या संशोधकांनी बाजारातल्या पावडरींत अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्याचे सांगितले, तेव्हा अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मर्यादा घालण्याच्या विचारात होते. पण सक्तीचा नियम झाला नाही. १९७६ मध्ये सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेने स्वतःच एक पद्धत ठरवली. तिचे नाव जे४-१. तीत चूर्णावर क्ष-किरण सोडतात; प्रत्येक खनिज ते आपापल्या कोनातून वळवते आणि आलेखावर ठरावीक जागी शिखर उमटते. अ‍ॅस्बेस्टॉसचे शिखर दिसले तरच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. अडचण अशी की या पद्धतीत ट्रेमोलाइटसारखे अ‍ॅस्बेस्टॉस साधारण ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर शिखर दिसतच नाही. म्हणजे १०० ग्रॅमच्या डब्यात जवळजवळ अर्धा ग्रॅम अ‍ॅस्बेस्टॉस असले, तरी अहवालावर ‘आढळले नाही’ असाच शेरा येऊ शकतो. अर्ध्या ग्रॅममध्ये असे सूक्ष्म तंतू अगणित असतात. क्रायसोटाइल हा अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्वाधिक वापरला गेलेला प्रकार तर या चाचणीत शोधलाच जात नव्हता.

याहून बारीक पाहण्याचा मार्ग त्या काळीही ठाऊक होता. चूर्ण जड द्रवात ढवळायचे. संगजिरे हलके म्हणून वर राहते, ट्रेमोलाइट जड म्हणून तळाशी बसते. तो गाळ वेगळा काढून तपासला की अगदी थोडे असले तरी हाती लागते. कंपनीच्या तज्ज्ञांनी या पद्धतीचा विचार केला होता आणि ती जाणूनबुजून बाजूला ठेवली, कारण ती कंपनीच्या हिताची ठरणार नव्हती. हे पुढे खटल्यांतून बाहेर आलेल्या कंपनीच्याच कागदपत्रांत नोंदलेले आहे. मला तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग हाच वाटतो. चाचणी कोणी निवडली आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय तिच्या निकालाला काही किंमत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्सने ही कागदपत्रे लावून दाखवले की १९७१ पासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत कच्च्या मालात आणि तयार पावडरीत अधूनमधून अ‍ॅस्बेस्टॉसचे अल्प अंश सापडत होते, आणि ते निष्कर्ष प्रशासनाला कळवले गेले नाहीत. कंपनीने ही बातमी एकतर्फी आणि खोटी असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तिचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी कोसळला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये खुद्द अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत एका डब्यात क्रायसोटाइल निघाले, प्रमाण ०.००००२ टक्क्यांपेक्षा जास्त नव्हते. जे४-१ च्या मर्यादेच्या पंचवीस हजारांश! कंपनीने सुमारे ३३,००० डबे परत मागवले आणि पुढे आपण नेमलेल्या प्रयोगशाळांना काहीच सापडले नसल्याचे सांगितले. कंपनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही नमुने तपासत असे, हे खरे. पण तपासायला जाई चिमूटभर पावडर आणि बाजारात जाई टनावारी.

दुसऱ्या विधानाबाबत मात्र कंपनीच्या बाजूनेही वजनदार पुरावा आहे. १९८२ मध्ये हार्वर्डचे डॉ. डॅनिअल क्रेमर यांनी जननेंद्रियांजवळ पावडर वापरणे आणि अंडाशयाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यानंतरच्या अशाच अनेक अभ्यासांत धोका थोडा वाढलेला दिसला. पण या अभ्यासांत आजारी स्त्रियांना जुन्या सवयी आठवून सांगायच्या असतात आणि स्मृती दगा देऊ शकते, हा कंपनीचा आक्षेप रास्त आहे. २०२० मध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले, त्यात ठोस संबंध दिसला नाही. उलट २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संगजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. अ‍ॅस्बेस्टॉसने कर्करोग होतो, याविषयी मात्र असा वाद नाही.

पावडरीने कर्करोग झाल्याच्या दाव्यांचे काही खटले कंपनीने जिंकले, काही ती हरली. २०१८ मध्ये सेंट लुइसच्या ज्यूरीने २२ स्त्रियांच्या दाव्यात ४६९ कोटी डॉलरचा निकाल दिला. अपिलात तो सुमारे २१० कोटींवर आला. मग कंपनीने वेगळीच वाट धरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावडरीचे सगळे दावे एका नव्या उपकंपनीच्या गळ्यात घालून दोनच दिवसांत तिचे दिवाळे जाहीर केले. तेव्हा सुमारे ३८,००० दावे पडून होते. उपकंपनी खऱ्या आर्थिक अडचणीत नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळायला सांगितले. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्न फसला, तिसरा मार्च २०२५ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायाधीशांनी फेटाळला. शास्त्र आपल्या बाजूने आहे असे म्हणणाऱ्या कंपनीने ज्यूरीसमोर जाण्याचे टाळण्यासाठी एवढा खटाटोप करावा, हे तिच्या ग्वाहीला शोभत नाही.

आपल्याकडचा, कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्याचा वाद अनेकांना आठवत असेल. त्याचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध नव्हता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द केला, तो पुणे-नाशिकच्या नमुन्यांत सामू (पीएच) मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याआधी २०१९ मध्ये सरकारी चाचण्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आढळले नव्हते.

अमेरिका आणि कॅनडात संगजिऱ्याची बेबी पावडर विकणे कंपनीने २०२० मध्येच थांबवायचे ठरवले, आणि २०२३ मध्ये जगभर मक्याच्या स्टार्चची पावडर आणली. कारण दिले ते व्यापारी. सुरक्षिततेबाबतची भूमिका बदलली नाही. इतर कंपन्यांच्या कितीतरी पावडरी मात्र आजही संगजिऱ्याच्याच आहेत. घरातल्या डब्यावरची घटकांची यादी एकदा वाचा. तीत टाल्क, म्हणजे संगजिरे, असेल तर ती पावडर बाळाच्या तोंडाजवळ उडवू नका आणि जननेंद्रियांजवळ वापरू नका.