पान मान टाकतं तेव्हा

आज दारापुढच्या बागेविषयी बोलू. बाग म्हणजे काय, तर तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि काठ फुटलेला एक माठ. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना परसाची जागा नाही. तरी तुळस, मिरची, मोगरा, शेवंती सगळं या डब्यांत येतं.

दोन वर्षांमागं आमचा कढीपत्ता गेला. ऐन श्रावणात पानं पिवळी पडली, माना टाकू लागली. आम्हाला वाटलं, तहानलाय. म्हणून रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत राहिलो. झाड वाळलं तेव्हा डबा पालथा केला. तळाला भोकच नव्हतं! आत नुसता चिखल, मुळं काळी पडलेली आणि कुजका वास. झाड तहानेनं नाही, आमच्या तांब्यानं मेलं होतं.

असं का होतं? मुळांना पाण्यासारखीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यात हवा उरत नाही, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाडही तहानलेल्यासारखंच दिसतं. वरून फरक कळत नाही. आता आम्ही पाणी घालण्याआधी दोन पेरं बोट मातीत घालतो. ओल लागली तर तांब्या परत नेतो.

पावसाळ्यात डब्याला तळाशी चार-पाच भोकं हवीत आणि खाली दोन विटा. ताटलीत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका, नाहीतर डासांची पैदास होते. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर आषाढात बी टाका आणि श्रावण लागला की रोपं लावा. लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी फुलं येतात.

थंडीत शेवंतीनं आम्हाला कोड्यात टाकलं. शेजारच्या काकूंची फुलली, आमची नुसतीच पानांनी भरलेली. खत तेच, माती तीच. मग ध्यानात आलं, आमच्या दारावरचा दिवा रात्रभर जळायचा. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. डबा घरामागं नेला, तेव्हा उशिरा का होईना, कळ्या आल्या. थंडीत तुळसही विरळ होते. घाबरून जास्त पाणी घालू नका. मंजिऱ्या खुडा, ऊन दाखवा. उन्हं वाढली की ती पुन्हा फुटते.

उन्हाळ्यात तर तांब्या-तांब्याचा हिशेब. दुपारी मिरचीची पानं लोंबली की जीव कळवळतो, पण थांबा. कडक उन्हात मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून ती मलूल होतात. दिवस कलल्यावर ती सावरली, तर झाड ठीक आहे. सकाळीही मान खालीच असेल आणि बोटाला माती कोरडी लागली, तर पाणी द्या. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, मुळं भाजतात. त्याला ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी सावलीत सरकवा. कडुलिंबाची पानगळ झाडून जाळू नका. तोच पाला डब्यातल्या मातीवर अंथरा, म्हणजे ओल टिकते. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी डब्यांना चालतं. साबणाचं मात्र नको.

टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात न लागणारा एक तांब्या वाचला, तरी तो दुसऱ्या रोपाला मिळतो. आमच्या नव्या कढीपत्त्याला यंदा भरपूर फुटवा आहे. तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. एकेक डबा उचलून तळ बघा. भोक नसेल तर खिळा-हातोडी घ्या. पावसाची वाट बघू नका.