राणीच्या नावाचा पुरस्कार आणि रेल्वेच्या संघातील खेळाडू

मानक नगर (लखनौ) : मलेशियात देशातील सर्वोत्तम क्रीडापटूंचा वार्षिक सन्मान परंपरेने राजाच्या हस्ते होतो. भारतात राजा उरलेला नाही. क्रीडा पुरस्कारांच्या नावांत मात्र राजघराणी टिकून आहेत. उत्तर प्रदेशात राज्याचा सर्वोच्च क्रीडा सन्मान दोन नावांनी दिला जातो. पुरुष खेळाडूंसाठी लक्ष्मण पुरस्कार, तर महिला खेळाडूंसाठी राणी लक्ष्मीबाई पुरस्कार. पुरस्कारासोबत ३ लाख ११ हजार रुपये रोख, मानपत्र आणि लक्ष्मणाची किंवा राणीची प्रतिमा देण्यात येते.

लखनौ हे नाव लक्ष्मणावरून पडले, अशी येथील लोकसमजूत आहे. त्यामुळे पहिल्या नावाचे कारण सहज उमगते. दुसरे नाव मराठी वाचकाला अधिक जवळचे. मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका वाराणसीत जन्मली आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाने बिठूर येथे वाढली. अश्वारोहण व शस्त्रविद्या तिने तेथेच आत्मसात केली. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभट दादा देवधर हेही याच पेशव्यांच्या पदरी होते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवर्णनात राणीच्या व्यायामाच्या आवडीची नोंद केली आहे. रणांगणावरील राणी सर्वांना ठाऊक असते. क्रीडा पुरस्काराला तिचे नाव शोभते ते खरे तर या नित्याच्या व्यायामामुळे.

बिठूर कानपूरजवळ आहे आणि लखनौहून कानपूरला जाणाऱ्या लोहमार्गावरच मानक नगर स्थानक लागते. रेल्वेच्या डब्यांपासून रुळांपर्यंत सर्व गोष्टींची मानके ठरवणारी संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, १९५७ पासून कार्यरत आहे. तिचे मुख्यालय याच वसाहतीत आहे. रेल्वे ही देशातील खेळाडूंना नोकरी देणारी एक प्रमुख संस्था आहे. रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळाची स्थापना १९२८ मध्ये झाली. अनेक खेळांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत रेल्वेचा संघ राज्यांच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे उतरतो.

राज्य पुरस्कारांपुढील खरी अडचण येथेच सुरू होते. खेळाडूचा जन्म एका राज्यात, सराव दुसऱ्या राज्यात, नोकरी रेल्वेत आणि अंगावर रेल्वेची जर्सी. अशा वेळी त्याचे राज्य कोणते मानायचे?

कुस्तीपटू दिव्या काकरान यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचे मूळ गाव उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यात. जडणघडण दिल्लीत झाली आणि नोकरी उत्तर रेल्वेत मिळाली. प्रारंभी त्या दिल्लीकडून खेळल्या, पुढे उत्तर प्रदेशाकडून. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशाने त्यांना राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक जिंकल्यानंतर, दिल्लीने आपल्याला पुरेसे साहाय्य केले नाही, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. त्या उत्तर प्रदेशाकडून खेळतात, असा प्रतिवाद दिल्लीतील सत्ताधारी पक्षाकडून झाला. त्यावर काकरान यांनी दिल्लीकडून खेळल्याची प्रमाणपत्रे पुढे केली. पदक देशाचे होते. वाद राज्याचा झाला.

महाराष्ट्राने नावांची अशी विभागणी केलेली नाही. १९६९-७० पासून दिला जाणारा शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार पुरुष व महिला खेळाडूंसाठी एकाच नावाने आहे. २०२३ मध्ये खेळाडूंच्या पुरस्काराची रक्कम १ लाखावरून ३ लाख, तर जीवनगौरव पुरस्काराची ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्याची घोषणा झाली. म्हणजे रकमेत लखनौ आणि मुंबई आता जवळजवळ सारख्याच पातळीवर आहेत. ही वाढ आवश्यकच होती. आजच्या काळात एका लाखात खेळाडूचा वर्षाचा आहार आणि प्रवासही भागत नाही. शिवाय महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि अनेक कुटुंबांना सन्मानचिन्हापेक्षा त्याचाच आधार मोठा वाटतो.

काकरान यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारही मिळाला. तेथे प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय कामगिरी विचारात घेतली जाते. खेळाडू दिल्लीचा की उत्तर प्रदेशाचा, यावर त्याचा निर्णय अवलंबून नसतो.