स्वस्ताईचें माप

पुणें शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत लवळे नांवाचें गांव आहे. गांवाच्या हद्दींत सिंबायोसिस व फ्लेम या दोन विद्यापीठांचीं आवारें असल्यामुळें तेथें जुने रहिवासी आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी अशीं दोन प्रकारचीं गिऱ्हाइकें एकत्र नांदतात. पहिल्यांना घरखर्चाची तोंडमिळवणी करावयाची असते. दुसऱ्यांना घरून आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवावयाचे असतात. दोघांच्याहि हातांत मोबाइल आहे, आणि ४१२११५ हा पिनकोड घातला कीं कुकरापासून तांदळापर्यंत हवा तो जिन्नस दारांत येऊन पडतो. मंडई आणि तुळशीबाग पालथी घालण्याचे श्रम वाचले, हा लाभ लहान नाहीं. परंतु श्रम वाचले म्हणजे पैसेहि वाचले, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं.

प्रत्यक्ष बाजारांत गिऱ्हाइकाच्या मदतीला त्याचीं इंद्रियें असतात. मुळशीची गृहिणी तांदूळ मुठींत घेते, तळहातावर चोळते, त्याचा वास घेते, कण्यांचें प्रमाण पाहते आणि मगच भाव विचारते. पुढच्या दुकानांत तीच परीक्षा पुन्हां होते. मोबाइलच्या पडद्यावर यांतलें कांहींहि शक्य नसतें. तेथें तीन गोष्टी तेवढ्या दिसतात: काट मारलेली एक मोठी किंमत, तिच्या शेजारीं एक लहान किंमत, आणि इतके टक्के सूट अशी ठळक पाटी. या तिन्ही गोष्टी विक्रेत्याच्या बाजूनें मांडलेल्या असतात. म्हणजे भाव सांगणारा तो, आणि तो भाव कशाशीं ताडून पाहावा हें सुचविणाराहि तोच. ऑनलाइन खरेदींतील बऱ्याचशा फसगतीचें मूळ येथें आहे. तुलनेचें माप विक्रेत्याकडून उसनें न घेतां गिऱ्हाइकानें तें स्वतःचें बाळगावें, हाच त्यावरील खरा उपाय होय.

प्रथम त्या काट मारलेल्या किंमतीचा विचार करणें योग्य होईल. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धति १९९० मध्यें सक्तीची झाली. विक्रेत्यानें त्याहून अधिक पैसे घेऊं नयेत, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ आहे. ती किंमत म्हणजे वस्तूचें मोल नव्हे. ती नुसती वरची मर्यादा आहे. कांहीं औषधांसारखे अपवाद सोडले तर ही मर्यादा किती उंच ठेवावी हें माल काढणाराच ठरवितो. समजा, एका मिक्सरवर ६,००० रुपये छापले आहेत व तो निम्म्या किंमतीस, म्हणजे ३,००० रुपयांस मिळतो. दुसऱ्यावर ३,४०० रुपये छापले असून २० टक्के सूट वजा जातां तो २,७२० रुपयांस पडतो. सूट पाहणारा पहिला घेईल. खिशाकडे पाहणारा दोहोंची शक्ति, भांडीं आणि हमीची मुदत ताडून बहुधा दुसरा घेईल. आंवळा देऊन कोहळा काढणें ही म्हण अशा मोठ्या टक्क्यांच्या पाट्यांना चपखल लागूं पडते.

सणासुदीच्या दिवसांत या पाट्या अधिकच मोठ्या होतात. त्या वेळीं खरोखर स्वस्त मिळणारा मालहि असतो. पण तो ओळखावयाचा कसा? याचें उत्तर जुन्या घरांत घरखर्चाच्या वहींत सांपडत असे. नेहमीं लागणाऱ्या दहा-बारा जिनसांचा भाव दर महिन्यास एका पानावर टिपून ठेवला, तर दसऱ्याच्या वेळची किंमत श्रावणांतल्या किंमतीशीं क्षणांत ताडून पाहतां येते. मोठी वस्तु घ्यावयाची असेल तर दोन महिने आधींपासून तिचा भाव दर आठवड्यास लिहावा. विक्रेत्यानें काट मारलेली किंमत आणि वहींतील मागील किंमत यांत जो फरक दिसेल, तोच त्या सुटीचा खरेपणा किंवा खोटेपणा सांगेल.

यानंतरची पायरी मापाची. पूर्वीं धान्य पायलीनें मोजीत. चार शेरांची पायली, हें सर्वांना ठाऊक. परंतु माप शिगोशीग भरलें कीं सपाट पुसलें, यावर खरा भाव ठरे. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक वजनेंमापें आणिलीं आणि हा घोळ पुष्कळसा मिटला. आतां तो निराळ्या रूपानें परत आला आहे. चहा, बिस्किटें, खाद्यतेल, साबण अशा कित्येक जिनसा ठरावीक वजनांतच बांधाव्या, असा पूर्वीं नियम होता. २०२१ मध्यें वेष्टनबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती होऊन तें बंधन उठलें. त्यामुळें किलोच्या शेजारीं ९०० ग्रॅम, अर्ध्या किलोच्या शेजारीं ४५० ग्रॅम अशा पिशव्या दिसूं लागल्या, तर त्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. मात्र पिशवीचा आकार पाहून भाव ताडणारा येथें हमखास चुकतो.

एक उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. कपडे धुण्याची पूड तीन पिशव्यांत मिळते असें समजावें: ७५० ग्रॅम ९९ रुपयांस, ९०० ग्रॅम १२६ रुपयांस आणि दीड किलो २१९ रुपयांस. मोठी पिशवी स्वस्त पडते, हा सर्वसाधारण समज. दर १०० ग्रॅमचा हिशेब केला तर पहिली १३ रुपये २० पैसे, दुसरी १४ रुपये आणि तिसरी १४ रुपये ६० पैसे पडते. येथें सर्वांत मोठी पिशवीच सर्वांत महाग ठरली. नेहमीं असेंच होतें असें नाहीं, पण हिशेब केल्यावांचून तें कळत नाहीं.

ज्या दुरुस्तीनें ठरावीक वजनांचें बंधन उठविलें, तिनेंच एकक दर छापण्याचा नियमहि आणिला. परंतु त्यांतहि दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्या. एक किलोहून कमी वजनाच्या पिशवीवर हा दर ग्रॅमचा असतो आणि एक किलोहून अधिक वजनाच्या पिशवीवर तो किलोचा असतो. वरील किंमतीच जर वेष्टनावर असत्या, तर ९०० ग्रॅमवर ०.१४ रुपये आणि दीड किलोवर १४६ रुपये असे आंकडे दिसले असते. पहिल्यास हजारानें गुणून १४० केल्याखेरीज दोघांची गांठच पडत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, वेष्टनावरील दर छापील किंमतीवरून काढलेला असतो. सूट मिळालेल्या किंमतीचा दर गिऱ्हाइकानेंच काढावा लागतो. त्यासाठीं मोठें गणित लागत नाहीं. किंमतीला ग्रॅमच्या संख्येनें भागून शंभरानें गुणावें. मोबाइलमध्यें गणकयंत्र असतेंच.

माप एक झालें तरी जिन्नस एक आहे कीं नाहीं, हें पाहणें उरतेंच. याचें घरचें उदाहरण आंबेमोहोर तांदळाचें. आंब्याच्या मोहोरासारखा सुवास असलेला हा आंखूड दाण्याचा तांदूळ मुळशी-मावळाचें भूषण. त्याचें पीक उतारानें कमी, म्हणून भाव चढा. परंतु आंबेमोहोर या नांवानें विकला जाणारा सर्वच तांदूळ या खोऱ्यांतला नसतो. बाहेरून आलेला, दिसण्यांत व वासांत जवळचा असा दुसरा तांदूळहि त्याच नांवानें खपतो. अशा दोन पिशव्यांच्या दरांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या जिनसांची तुलना. पडद्यावर पिशवी म्हणजे झाकली मूठ. म्हणून चित्रापेक्षां खालचा बारीक मजकूर वाचावा: माल कोठला, कोणी भरला, केव्हां भरला, कोणत्या हंगामाचा. एवढी माहिती जेथें दिलेली नाहीं, तेथें प्रथम लहान पिशवी मागवून पाहावी.

यंत्रांच्या बाबतींत जिन्नस एक आहे कीं नाहीं, हें चिन्हांवरून कळतें. घरगुती प्रेशर कुकरावर आयएसआय चिन्ह सक्तीचें आहे. तें नसलेले कुकर विकूं दिल्याबद्दल २०२२ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें कांहीं ऑनलाइन बाजारांना दंड केला होता. चारशें रुपये वाचविण्यासाठीं चुलीवर धोका चढविणें हा कोणत्याहि हिशेबानें सौदा नव्हे. विजेच्या उपकरणांचें आणखी एक आहे. त्यांची अर्धी किंमत दुकानांत आणि उरलेली वीजबिलांत चुकवावी लागते. एक फ्रिज दुसऱ्याहून ३,००० रुपयांनीं स्वस्त असेल, पण वर्षाला ९० युनिट अधिक वीज खात असेल, तर युनिटला ८ रुपये धरतां वर्षास ७२० रुपये जादा जातील आणि पांचव्या वर्षीं वांचलेले सर्व पैसे परत गेलेले असतील. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या पट्टीवर तारे असतात, परंतु ताऱ्यांचे निकष कालांतरानें कडक होतात. म्हणून ताऱ्यांच्या जोडीला पट्टीवरील वर्ष व वार्षिक युनिटांचा आंकडाहि पाहावा.

इतर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचणें चांगलें. मात्र ते कसे वाचावे यालाहि रीत आहे. भारतीय मानक ब्युरोनें २०२२ मध्यें अशा अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें, यावरूनच खोट्या अभिप्रायांचा उपद्रव केवढा असेल याची कल्पना येते. पांच ताऱ्यांची नुसती वाहवा सोडून द्यावी. दोन व तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचावे. झांकण सहा महिन्यांत सैल झालें, असें वेगवेगळ्या लोकांनीं लिहिलें असेल तर तें मोलाचें.

तिसरी पायरी शेवटच्या रकमेची. गांवच्या दुकानांत १६० रुपयांस मिळणारी तेलाची पिशवी मोबाइलवर १४८ रुपयांस दिसते. परंतु पैसे भरतांना घरपोच पोंचविण्याचे २५ रुपये चढतात आणि ती १७३ रुपयांची होते. हे २५ रुपये टाळावयाचे तर १९९ रुपयांची खरेदी करा, असें सुचविलें जातें. मग नको असलेली एखादी वस्तु टोपलींत पडते. बारा रुपये वाचविण्यास निघालेला गृहस्थ अशा रीतीनें चाळीस-पन्नास रुपये घालवून बसतो. किंमतींतील कांहीं भाग आरंभीं लपवून मागाहून उघड करणें, न विचारतां टोपलींत भर घालणें, केवळ दोनच नग उरले अशी खोटी निकड दाखविणें, अशा १३ युक्त्या केंद्र सरकारनें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं निषिद्ध ठरविल्या आहेत. नियम झाला म्हणून युक्त्या नाहींशा होत नाहींत. घड्याळ उलटें पळूं लागलें कीं खरेदी थांबवावी आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहावें. गरज खरी असेल तर ती रात्रभरांत नाहींशी होत नाहीं.

या सर्व हिशेबांत गांवच्या दुकानाची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. तो दुकानदार पांच रुपयांची मोहरी देतो, खराब निघालेला रवा त्याच संध्याकाळीं बदलून देतो आणि पगार लांबला तर उधारींत महिना निभावून नेतो. मोबाइलवरची वस्तु परत करावयाची तर ती पुन्हां बांधणें, नेणाऱ्या माणसाची वाट पाहणें आणि पैशांची वाट पाहणें आलें. ही सोय व गैरसोय रुपयांत मांडून मगच दोन दुकानांची तुलना पुरी होते. ती केल्यावर मोबाइल स्वस्त पडला तर तेथें घ्यावें. न पडला तर शेजारच्या दुकानाची पायरी चढण्यांत कमीपणा नाहीं.

हातीं थोडा पैसा असणाऱ्याला लहान पुड्या घ्याव्या लागतात आणि पुष्कळदां लहान पुडीचाच दर चढा असतो. गरिबाला महाग आणि सधनाला स्वस्त, असा हा विपरीत न्याय. त्यावर महाराष्ट्रानें एक वाट काढून दाखविली आहे. १९७५ मध्यें मुंबईंत बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याची यादी एकत्र करावी, माल घाऊक आणून आपसांत वांटून घ्यावा, ही तिची रीत. लवळ्याच्या वसतिगृहांतील चार खोल्यांना किंवा एका आळींतील पांच घरांना हें अगदीं सहज जमण्याजोगें आहे. पोंचविण्याचा खर्च एकदांच पडतो, मोठ्या पिशवीचा दर लाभतो, आणि मुख्य म्हणजे एकाच्या नजरेंतून सुटलेली खोट दुसऱ्याच्या ध्यानांत येते.

इतकें करूनहि माल वाईट निघाला तर गप्प बसूं नये. पावती, वस्तूच्या पानाचें चित्र आणि उघडलेल्या खोक्याचें छायाचित्र जपून ठेवावें. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार पोंचल्याची पोंच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यांत व्हावयास हवें. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढें जावें लागलें तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. विक्रेता दिल्लीचा असो कीं सुरतेचा, लवळ्याच्या गिऱ्हाइकाला पुण्याबाहेर जावें लागत नाहीं. आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कहि पडत नाहीं.

वही, एकक दर आणि शेवटची रक्कम हीं तीन साधनें बाळगण्यास पैसा लागत नाहीं, लागतें ती दोन मिनिटांची सबुरी. ज्या घरांत महिन्याच्या किराण्यावर शे-दोनशें रुपये वांचले तर मुलाच्या वह्या येतात, त्या घरीं या दोन मिनिटांचें मोल काय आहे हें निराळें सांगावयास नको.